खाडीकाठची सिद्धता

ठाण्याला लोक नातेवाइकांकडे जातात, कल्याणला गाडी बदलायला उतरतात आणि डोंबिवलीला हल्ली जागा बघायला जातात. मी माफी मागायला गेले होते. मार्चच्या अखेरीस चार दिवस. परत आल्यावर कॉलेजातल्या बायकांनी विचारलं, "काय काय पाहिलंत?" मी म्हटलं, "मिठागरं." ती पाहिली हे खोटं नाही. बाकीचं कुणाला तोंडानं सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी थोडं मागचं सांगायला हवं. मी अमरावतीच्या एका कॉलेजात गणित शिकवते. काही वर्षांपूर्वी एका मासिकात मी एक लेखमाला लिहिली होती. थोडेसे नियम धरून अंकगणित उभं केलं, तर त्यात काय सिद्ध करता येतं आणि काय येत नाही, असा विषय. वाचकांचं पत्र एकच आलं. डोंबिवलीजवळच्या खाडीकाठच्या गावातून, शाळामास्तर हरी नाना भोईर यांचं. दुसऱ्या लेखातली माझी चूक त्यांनी दाखवली होती, आणि ती खरोखरच चूक होती. मी त्यांना टपालानं पुस्तकं पाठवू लागले. इंग्रजी पुस्तक ते कोश घेऊन वाचत आणि शंका मराठीत लिहून पाठवत. चार वर्षं हे चाललं. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

वाद झाला तो एकाच गोष्टीवरून. काही संख्यासंच असे असतात की संख्या त्यात असेल तर कधी तरी कळतंच. शोधत राहायचं, तिच्या बाजूनं साक्ष देणारी एखादी संख्या सापडली की झालं. पण ती संचात नसेल तर शोध संपतच नाही. आता अशा संचासाठी एक विधान हवं. संचातल्या प्रत्येक संख्येबद्दल अंकगणितानं ते सिद्ध करावं, आणि बाहेरच्या एकीबद्दलही करू नये. अडचण अशी की अंकगणित स्वतःशी विसंगत नसलं तरी खोटं बोलू शकतं. "साक्षी आहे" असं ते म्हणेल, आणि एकेक संख्या पुढे केली की "ही नव्हे, ही नव्हे" असंही म्हणत राहील. उघड पकडलं कधीच जाणार नाही. असं खोटं बोलायचं नाही, ही जास्तीची अट या विषयात काम करणारे आम्ही सगळे घालत होतो. माझ्या लेखात मी लिहिलं होतं, ही अट अपरिहार्य आहे.

भोईर मास्तरांनी आठ पानी पत्र पाठवलं. अट लागत नाही, विधान वेगळं निवडलं की झालं, आणि ही त्याची सिद्धता. माझ्यापुढे परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा होता. विधान स्वतःच्याच सिद्धतेबद्दल बोलतं आहे, एवढं दुसऱ्या पानावर दिसलं आणि मी थांबले. असं विधान रीतसर रचता येतं हे मला माहीत होतं. मीच त्यांना शिकवलं होतं. पण खेड्यातल्या प्राथमिक शिक्षकाला ते खरोखर कळलं असेल, हे मनात आलं नाही. हातात पेपर तपासायची लाल पेन्सिल होती. तिनंच मी पहिल्या पानावर शेरा मारला, "हे चक्रीय आहे. चूक. आधी मूलभूत अभ्यास करावा." आणि पत्र परत पाठवलं.

त्यानंतर त्यांचं पत्र आलं नाही.

दोन वर्षांनी एका दुपारी परीक्षेच्या वर्गात मी देखरेख करत उभी होते. मुलं खाली मान घालून लिहीत होती. ते विधान एकदम आठवलं आणि उभ्या उभ्याच मी ते शेवटपर्यंत नेलं. कुठंही अडलं नाही. तास संपल्याची घंटा झाली तरी मी उत्तरपत्रिका गोळा करेना, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, बरं नाही का?"

मी मास्तरांना तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. म्हणून निघाले.

ठाणे, गुरुवार

नौपाड्यात माझी मावसबहीण कमल राहते. तिच्याकडे उतरले. आमच्याकडे मार्चमध्ये उन्हानं कातडी तडतडते. इथं घाम येतो आणि तो वाळतच नाही. सकाळी दोरीवर टाकलेलं लुगडं दुपारी तितकंच ओलं. जेवणात जिथं आम्ही शेंगदाण्याचं कूट घालतो तिथं हे लोक ओला नारळ घालतात, वांग्याच्या भाजीतसुद्धा. कमलनं आग्रहानं वाढलं, आणि मी तिखट मागितलं तेव्हा तिनं कौतुकानं हिरवी मिरची पानात ठेवली.

"अगं मालू, पत्राला उत्तर आलं नाही म्हणून कुणी इतक्या लांब येतं का?" ती म्हणाली. "रागावला असेल. पुरुषाला चूक म्हटलं की राग येतोच."

"चूक त्यांची नव्हती. माझी होती."

"मग तसं कळवलंस ना? झालं तर."

तिला समजावून सांगताना मला प्रथमच जाणवलं की माझ्याकडे त्यांच्या कामाचं एकही अक्षर नाही. पत्र मी परत पाठवलेलं. त्या आठ पानांवर जे होतं ते आता त्यांच्याकडे आणि माझ्या डोक्यात, इतकंच. मी मात्र एक गोष्ट बरोबर आणली होती. त्यांची सिद्धता मी इंग्रजीत स्वच्छ लिहून काढली होती, वर त्यांचं नाव घातलं होतं. परदेशातल्या नियतकालिकाकडे पाठवायला फक्त त्यांची सही हवी होती. कमलला मी ते कागद दाखवले. ती म्हणाली, "अक्षर छान आहे."

डोंबिवली, शुक्रवार

स्टेशनाबाहेर टांगेवाल्यानं गावाचं नाव ऐकून मान हलवली आणि भातखाचरं संपतात तिथं मला उतरवलं. पुढं बांधावरून चालायचं. एका बाजूला खाजणाची, भरतीच्या चिखलात वाढणारी काळी झुडपं, दुसऱ्या बाजूला मिठागराचे चौकोन, पांढरे होत आलेले. उन्हात डोळे उघडे ठेववत नव्हते. बायका डोक्यावर मिठाच्या टोपल्या घेऊन ओळीनं चालल्या होत्या. त्यांना वाट द्यायला मी कडेला सरले आणि घोटाभर चिखलात गेले. पाय निघाला, चप्पल निघाली नाही. दुसरी हातात घेऊन मी त्या गावात शिरले. गणिताच्या प्राध्यापिका म्हणून मी इतकी हास्यास्पद कधी दिसले नसेन.

घर सापडायला वेळ लागला नाही. टोपलीवाल्यांपैकीच एक बाई माझ्या मागोमाग दारात आली. तीच मास्तरांची बायको, जनाबाई. हातापायांना मिठानं चिरा पडलेल्या. मी नाव सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

"अमरावतीच्या बाय?"

"हो."

"टपालानं पुस्तकं धारायच्या त्या?"

"हो."

तिनं तांब्या आणला आणि माझ्या पायांवर पाणी घातलं. मला ते सहन होईना. मी म्हटलं, "मी धुते हो." ती म्हणाली, "लांबशी आयल्याव. बसा."

मास्तर पडवीत बसून जाळ्याची दोरी वळत होते. पन्नाशीचा, सडपातळ, काळासावळा माणूस. स्वच्छ धोतर, चष्म्याची एक काडी सुतळीची. त्यांनी उठून नमस्कार केला. मी नाव सांगितलं. त्यांनी आदरानं मान हलवली, आणि थोडं थांबून विचारलं, "माफ करा, बाई. आपली ओळख कुठली?"

मला वाटलं हा राग आहे. मी तिथंच, उभ्यानं, गाडीत पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. शेरा माझा चुकला, सिद्धता बरोबर होती, दोन वर्षं मी तुमच्यावर अन्याय केला. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी बायकोकडे पाहिलं. जनाबाई हलक्या आवाजात म्हणाली, "बाय, त्यांना मागलं काय आठवत नाय. गेल्या भादव्यात ताप डोक्यात गेला. शालेतल्या पोरांची नावं पन गेली. शाला सुटली."

"तीन पत्रं आली होती," मास्तर म्हणाले. "कुणी बाई अगदी ओळखीच्या माणसाला लिहावं तसं लिहीत होत्या. मला वाटलं दुसऱ्या कुणा भोईर मास्तरांची असतील. त्यांना द्या म्हणून मी ती टपालवाल्याकडे परत दिली."

मी त्यांच्या गणिताच्या वह्यांबद्दल विचारलं. जनाबाईनं चुलीकडे पाहिलं.

"तुमचं पत्र आयलं त्या साली त्यांनीच घातल्या. मी नको बोल्ले. ऐकलं नाय. आठ दिस धर जेवले पन नाय. मंग दोरी वलाय लागले."

ताप त्यानंतर दीड वर्षानं आला. दोन्हींचा काही संबंध नाही, हे मला माहीत आहे. माहीत असून उपयोग होत नाही.

मग ती आत गेली आणि पत्र्याची पेटी घेऊन आली. मी शेरा मारून परत पाठवलेलं पत्र तेवढं त्यांनी जाळलं नव्हतं. "बायच्या हातचं हाय, ऱ्हाऊ दे," असं म्हणाले होते म्हणे. पेटी उघडली. आठही पानं होती. मधल्या एका उधाणाला बांध फुटून खाडीचं पाणी घरात आलं होतं आणि पेटी दोन दिवस पाण्यात होती. त्यांची शाई पूर्ण धुऊन गेली होती. पानांवर फिकट निळे ढग राहिले होते. पहिल्या पानावर माझी लाल पेन्सिल मात्र जशीच्या तशी. "चूक" हा शब्द मी दोनदा अधोरेखित केला होता, हे मी विसरले होते.

मास्तरांनी पान हातात घेऊन वाचलं. "कुणा विद्यार्थ्याचा पेपर दिसतो," ते म्हणाले. "शेरा फार कडक आहे. विद्यार्थ्याला असं लिहू नये, बाई. पुन्हा हात वर करत नाही तो."

जनाबाईनं तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण केलं होतं. मी शाकाहारी हे कळल्यावर तिनं भाकरीबरोबर वालाची आमटी दिली. तांदळाची भाकरी मी प्रथमच खाल्ली. आमच्या ज्वारीच्या भाकरीसारखी ती भूक मारत नाही. मऊ असते, लगेच संपते. मी दोन खाल्ल्या. अशा वेळी माणूस दोन भाकरी खाऊ शकतो, याची मला नंतर लाज वाटली.

कल्याण, शनिवार

तापात मास्तरांवर उपचार करणारे डॉक्टर कल्याणला असतात. त्यांच्याकडे गेले. वयस्कर गृहस्थ, बोलणं अगदी पुणेरी. दवाखान्यात गर्दी होती. बरेचसे लोक पलीकडच्या निर्वासितांच्या वसाहतीतले, विठ्ठलवाडीकडून चालत आलेले. माझ्या शेजारी एक सिंधी म्हातारी बसली होती. तिला मराठी येत नव्हतं, मला सिंधी. तिनं पदराच्या गाठीतून बडीशेप काढून मला दिली आणि आम्ही दोघी चघळत बसलो. चार दिवसांत तेवढीच पंधरा मिनिटं मी काही विचार न करता बसले.

"वाचला हेच पुष्कळ," डॉक्टर म्हणाले. "बुद्धीला धक्का नाही. हिशोब करतो, नवीन सांगितलेलं लक्षात ठेवतो. मागची सहा-सात वर्षं तेवढी पुसली गेली आहेत. धाकट्या मुलीचं लग्न झालं, तेही आठवत नाही. जावयाला पाहुणा समजून चहा विचारतो."

"परत येतील ती वर्षं?"

"आली तर आली म्हणून सांगेन."

"आणि येणार नसतील तर?"

त्यांनी चष्मा काढला. "ते मी कधीच सांगू शकणार नाही, बाई. उद्या येतील असं रोज म्हणता येतं."

मी याच प्रकारच्या गोष्टींवर लेखमाला लिहिली होती. संख्यांबद्दल लिहिताना मला ते सुंदर वाटलं होतं.

दवाखान्यातून निघाल्यावर स्टेशनाजवळच्या खानावळीत जेवायला बसले आणि ताट तसंच टाकून उठले. मालकानं मागून हाक मारून विचारलं, "काय झालं ताई, भाजी खारट झाली का?" मी हो म्हटलं. त्या बिचाऱ्यानं आचाऱ्याला माझ्यादेखत शिव्या घातल्या.

पुन्हा डोंबिवली, रविवार

एकच मार्ग उरला होता. बुद्धी शाबूत आहे, नवीन कळतं. मग त्यांची सिद्धता त्यांनाच शिकवावी. स्वतःच्या हातचं काम माणूस ओळखेल. नव्या चपला घालून मी सकाळीच गेले. त्यांनी मला ओळखलं, "परवाच्या बाई" म्हणून. पाटी आणि खडू त्यांच्याकडे होतेच.

साक्षी, सिद्धता, सिद्धतेला क्रमांक कसा द्यायचा, हे सांगायला दोन तास लागले. जुन्या पत्रांत त्यांनी विचारलेल्याच शंका त्यांनी पुन्हा विचारल्या, त्याच क्रमानं. मग मी पाटीवर विधान लिहिलं: माझी सिद्धता सापडायच्या आत या संख्येचा साक्षी सापडतो.

"माझी म्हणजे या विधानाचीच?"

"हो."

"थांबा," ते म्हणाले. पाटी त्यांनी मांडीवर घेतली. "संख्या संचात आहे असं धरू. मग साक्षी कुठं तरी आहेच. त्याच्या आत सिद्धता नसेल तर विधान खरं, आणि तेवढं एकेक तपासून सिद्ध करता येईल."

"आणि त्याच्या आतच सिद्धता असेल तर?"

"तर सिद्धता आहेच की! तेवढीच तर हवी होती!" ते मोठ्यानं हसले. जनाबाई चुलीपासून उठून दाराशी आली. किती दिवसांनी तिनं ते हसणं ऐकलं होतं कोण जाणे.

"आता संख्या संचात नसेल तर?"

ते उठले. पडवीच्या टोकापर्यंत गेले, खाडीकडे तोंड करून उभे राहिले. बऱ्याच वेळानं तिकडे तोंड ठेवूनच ते सावकाश बोलू लागले.

"संख्या संचात नाही, आणि तरी सिद्धता सापडली. तर त्या सिद्धतेला काही क्रमांक असणार. तिथपर्यंत साक्षी एकही नाही, हे अंकगणित एकेक तपासून स्वतःच सांगेल. म्हणजे विधान खोटं, हेही तेच सिद्ध करणार. होयही सिद्ध, नाहीही सिद्ध. मग ते सुसंगत कुठं राहिलं?" ते वळले. "म्हणजे सिद्धता सापडूच शकत नाही. अंकगणित सुसंगत आहे, एवढंच धरायचं."

"आणि जास्तीची अट?"

"ती कुठं लागली?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. ते परत येऊन बसले आणि त्यांनी पाटीच्या कडेवरून हात फिरवला, अक्षर पुसू दिलं नाही.

"काय सुंदर आहे हो, बाई. कुणी काढलं हे?"

"तुम्ही."

ते हसले. मग मी हसत नाही असं पाहून थांबले. मी इंग्रजी कागद पिशवीतून काढून पुढे ठेवले. वर त्यांचं नाव, खाली सहीची जागा. त्यांनी कोश न घेता, ओठ हलवत, सगळे वाचले.

"दया म्हणून दिलेलं नाव मी घेणार नाही," ते म्हणाले.

"दया नव्हे, मास्तर. तुम्ही मला पत्र लिहिलं होतंत. आठ पानी."

"ते पत्र हेच ना?" त्यांनी पेटीवर ठेवलेली पानं उचलली. "यात तर एकच माणूस बोलतो आहे. तो म्हणतो, चूक."

"तो माणूस मी होते. चुकले मी."

"तेव्हा खात्रीनं चूक म्हणालात, आज खात्रीनं बरोबर म्हणता. गणित बरोबर आहे हे मी आता स्वतः पाहिलं. माझं आहे हे कुठं पाहू?"

जनाबाई मध्ये पडली. "घाला ना सही. येवऱ्या लांबशी बाय खोटं बोलाला येईल काय?"

"खोटं बोलत नाहीत गं त्या. त्यांना तसं वाटतं." मग माझ्याकडे वळून, समजूत घालावी तसे म्हणाले, "बाई, दुसऱ्याचं गणित आपल्या पाटीवर उतरवू नका, असं मी जन्मभर पोरांना सांगत आलो. तेवढं मला आठवतं. आणि माझ्या माघारी माझं नाव घालणार नाही, असा शब्द द्या. लोक विचारतील, कसं सुचलं? मी काय सांगू?"

खरं काय ते मला माहीत होतं. त्यांच्यापुढे ठेवता येईल असं माझ्याजवळ काहीच नव्हतं. मी शब्द दिला.

त्यांनी मला बांधाच्या टोकापर्यंत पोहोचवलं. वाटेत सबंध सिद्धता त्यांनी मला पुन्हा म्हणून दाखवली, नीट कळली आहे ना हे तपासून घ्यायला. कुठंही चुकले नाहीत. टोपल्यांच्या बायका थांबून बघत होत्या. टांगा हलला तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "फार दिवसांनी काही शिकलो. उपकार झाले."

अमरावती

ते कागद माझ्याकडेच राहिले. त्यांच्या नावानं पाठवायचे नाहीत असा शब्द, आणि माझ्या नावानं पाठवणं म्हणजे चोरी.

पुढं बऱ्याच महिन्यांनी परदेशातलं एक नियतकालिक कॉलेजात आलं. त्यात ती सिद्धता होती. दुसऱ्या कुणी तरी, दुसऱ्या देशात, स्वतःच्या बुद्धीनं काढलेली. वाट जवळपास तीच. ज्यांनी ती छापली त्यांची काही चूक नाही. मी ती ग्रंथालयात उभ्यानं वाचली, घरी आल्यावर मराठीत उतरवली आणि मास्तरांना पाठवली. का पाठवली ते सांगता येत नाही. छापलेलं पाहून काही आठवेल, अशी आशा असावी.

या वेळी उत्तर आलं. जुनंच वळणदार अक्षर.

"आदरणीय बाई, कागद पोचले. दोनदा वाचले. आपण त्या रविवारी शिकवलंत तेच आहे, मांडणी तेवढी निराळी. पण आपलं नाव कुठं दिसलं नाही. त्या लोकांना आपल्याविषयी माहीत नसावं. आपण मनाला लावून घेऊ नये. मी इथं गावच्या दोघा मुलांना ही सिद्धता शिकवली आहे. ही कुणाची, असं त्यांनी विचारलं, तेव्हा अमरावतीच्या बाईंची म्हणून सांगितलं."